गोदीतून निवृत्त झालेल्या माणसाकडून युद्धनौकेच्या बांधणीच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

वडोदऱ्यात मांजलपूर, कारेलीबाग, वासणा रोड या बाजूला मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेले मराठी आजोबा घरोघरी दिसतात. त्यांतल्या काहींची उभी नोकरी मुंबईच्या गोदीत गेलेली असते. घरात त्याबद्दल एकच वाक्य ठाऊक असतं : 'आबा माझगाव डॉकला होते.' नातवंडांना पुढचं जाणून घ्यायचं असतं. पण 'आबा, युद्धनौका कशी बांधायचे?' असं विचारलं की आबा दहा मिनिटांत बँड, मंडप, नारळ आणि पाहुणे एवढं सांगून मोकळे होतात. तेवढं तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातही असतं. त्यांच्या हातांना जे माहीत आहे ते काढायचं असेल तर प्रश्न जहाजाच्या बांधणीच्या क्रमाने आणि त्यांच्या ट्रेडमधूनच विचारावे लागतात. ते कसं, ते इथे दिलं आहे.

रेकॉर्डिंगच्या आधी

पहिली बैठक बिनरेकॉर्डिंगची ठेवा. फक्त वही-पेन. त्यात चारच गोष्टी काढायच्या : ट्रेड कोणता (प्लेटर म्हणजे पोलादी प्लेटा वळवून बसवणारा, वेल्डर, गॅस कटर, फिटर, पाइप फिटर, वायरमन, अवजड सामान दोर-साखळ्यांनी उचलणारा रिगर, सुतार, रंगारी), कोणत्या शॉपमध्ये किती साल, बिल्ला नंबर, आणि कोणकोणत्या जहाजांवर काम केलं. ट्रेड कळल्याशिवाय पुढचा एकही प्रश्न नीट तयार होत नाही. रिगरला वेल्डिंगच्या रॉडबद्दल विचारलं तर तो ऐकीव सांगेल, आणि ऐकीव माहिती ठसक्यात सांगितलेली असल्यामुळे खरीच वाटते.

त्याच दिवशी कपाटातली जुनी पिशवी मागा. भरतीचं पत्र, अप्रेंटिसशिपचा दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचे कागद, निरोप समारंभाचा फोटो. पगाराच्या चिठ्ठीवरून खातं आणि साल एका झटक्यात कळतं. माणसाला विचारून तेच कळायला अर्धा तास जातो.

जहाजांची नावं विचारताना एक सापळा आहे. गोदीत जहाजाला बराच काळ नाव नसतं, यार्ड नंबर असतो. कामगाराच्या तोंडी तोच बसतो. आबा नंबर सांगत असतील तर 'नाव सांगा ना' म्हणून अडवू नका. नंबर लिहून घ्या, नाव मागाहून जुळवता येतं.

दुसरा सापळा पुन्हा वापरलेल्या नावांचा. माझगाव डॉक १९६० मध्ये सरकारकडे आलं. त्यानंतर तिथे ब्रिटिश आराखड्याच्या लिअँडर वर्गातल्या सहा फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) बांधल्या गेल्या. नौदलात दाखल झाल्याच्या सालाने त्यांचा क्रम असा : नीलगिरी १९७२, हिमगिरी १९७४, उदयगिरी १९७६, दुनागिरी १९७७, तारागिरी १९८०, विंध्यगिरी १९८१. पुढे गोदावरी १९८३, गंगा १९८५, गोमती १९८८. त्यानंतर मोठ्या विनाशिका : दिल्ली १९९७, म्हैसूर १९९९, मुंबई २००१. आता तीच 'गिरी' नावं नव्या फ्रिगेटना दिली आहेत. नवी नीलगिरी १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली (त्याच दिवशी आपल्या शेजारच्या शहराचं नाव घेतलेली 'सूरत'ही), आणि नवी उदयगिरी व हिमगिरी २६ ऑगस्ट २०२५ ला. त्यातही जुनी हिमगिरी मुंबईची, नवी कोलकात्याची. मोबाइलवर 'हिमगिरी' शोधून जो फोटो वर येईल तो ऐंशीतल्या आबांना दाखवला तर ते म्हणतील, 'ही आमची नव्हे', आणि घरचे समजतील की आजोबा विसरायला लागले.

तिसरा सापळा तारखांचा. 'जहाज कधी झालं?' या प्रश्नाला चार-पाच खरी उत्तरं असतात. जुन्या नीलगिरीचा कणा १५ ऑक्टोबर १९६६ ला ठेवला, जहाज २३ ऑक्टोबर १९६८ ला पाण्यात उतरलं आणि ३ जून १९७२ ला नौदलात दाखल झालं. प्लेटरच्या हिशेबी ते १९६८ लाच 'झालं', कारण त्याचं काम तिथे संपत आलं. वायरमनच्या हिशेबी ते १९६८ ला सुरू झालं. दोघांनाही दुरुस्त करायला जाऊ नका. 'झालं म्हणजे पाण्यात उतरलं, की नौदलाकडे गेलं?' एवढंच विचारा.

साल आठवत नसेल तर साल विचारूच नका. १९७१ चं युद्ध, मे १९७४ चा रेल्वे संप, जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, २६ जुलै २००५ चा पाऊस यांच्या आधी की नंतर, ते विचारा. त्या दिवशी कामावर कसे पोचलात, हे माणूस चाळीस वर्षांनीही सांगतो. संपाच्या वेळी गिरणगावातल्या घरातले इतर लोक काय करत होते हे बोलताना त्या वर्षीचं जहाज आपोआप निघतं.

बांधणीच्या क्रमाने विचारायचं

खालचे टप्पे सगळ्यांना विचारायचे नाहीत. आबांचा ट्रेड जिथे बसतो तिथे तीन बैठका घाला, बाकीचे टप्पे पाच-पाच मिनिटांत उरका.

सुरुवात लॉफ्टपासून. संगणक येण्याआधी जहाजाच्या रेषा मोठ्या लाकडी जमिनीवर खऱ्या मापात काढल्या जात. लवचीक लाकडी पट्टी वजनांनी दाबून वळण धरायचं, खाली बसून पट्टीच्या लांबीवर नजर टाकायची आणि कुठे कुबड दिसतं ते पाहायचं. त्यावरून लाकडी साचे निघायचे आणि ते साचे शॉपमध्ये जायचे. इथला उत्तम प्रश्न : 'रेघ चुकली आहे हे डोळ्याला कसं कळायचं?' आणि उत्तम युक्ती : गच्चीवर खडू आणि सुतळी घेऊन जा. लिअँडर वर्गाचं जहाज साधारण ११३ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, म्हणजे मधल्या फ्रेमची (जहाजाच्या आडव्या बरगडीची) अर्धी बाजू साडेसहा मीटर भरते. बंगल्याच्या गच्चीवर ती मावते. आबांना खुर्चीत बसवा, खडू नातवाच्या हातात द्या, आणि 'इथून वळव, अजून बाहेर घे' हे सगळं कॅमेऱ्यात येऊ द्या. जे शब्द प्रश्नाने निघत नाहीत ते इथे निघतात. सकाळी आठच्या आत उरका. एप्रिल-मेमध्ये वडोदऱ्याची गच्ची नऊ वाजता चटके देते.

मापांबद्दल सावध राहा. ब्रिटिश आराखड्यांवर काम केलेला माणूस इंच आणि सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या आतबाहेर. आबा 'दीड सूत गॅप' म्हणाले तर तसंच लिहा आणि बाजूला 'सुमारे ४.८ मिमी' अशी नोंद करा. मूळ शब्द खोडून मिलिमीटर घालू नका. तसंच 'एवढं अंतर' म्हणून ते हात दाखवतात. आवाजाच्या फाइलमध्ये हात दिसत नाही. जवळ मोजपट्टी ठेवा, हातांमधलं अंतर तिथल्या तिथे मोजा आणि मोठ्याने बोला : 'म्हणजे चार इंच.'

गॅस कटरला विचारायचं : खूण केलेल्या रेषेच्या कोणत्या बाजूने कापायचं? कापताना ज्योत स्वतः दोन-तीन मिलिमीटर पोलाद खाऊन टाकते. ती रुंदी टाकाऊ बाजूला गेली नाही तर प्लेट तेवढी आखूड होते, आणि अशा दहा प्लेटा जोडल्या की चूक तीन सेंटिमीटरवर जाते. रेषा उन्हात दिसत नाही म्हणून पंचाने ठिपके मारायचे. ठिपके किती अंतरावर, वळणावर किती जवळ, हे विचारा.

प्लेटरला विचारायचं : दुहेरी वळण कसं आणायचे? एका दिशेचं वळण रोलर देतो. पण जहाजाच्या नाकाजवळची प्लेट दोन्ही दिशांनी वळलेली असते. ती टॉर्चने ओळीत मंद लाल होईपर्यंत तापवून मागोमाग पाण्याची धार मारत आणावी लागते. तापलेली पट्टी पसरू पाहते, आजूबाजूचं थंड पोलाद तिला पसरू देत नाही, आणि गार होताना ती आखडून प्लेटला ओढते. ओळी कुठे मारायच्या हे अनुभवाचं काम. आबांना जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने त्या ओळी काढायला लावा.

वेल्डिंग : इथे घाई करू नका

आबा वेल्डर असतील तर खरी खाण इथे आहे, आणि घरचे हमखास इथेच 'वेल्डिंग म्हणजे ठिणग्या' म्हणून पुढे जातात.

पहिला प्रश्न रॉडचा. रॉड कुठून मिळायचा, किती मोजून द्यायचे, उरलेला परत द्यायचा का, आणि खिशात ठेवलेला चालायचा का? लो-हायड्रोजन रॉडचं आवरण हवेतला ओलावा ओढतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. ओल्या रॉडने मारलेला टाका वरून सुरेख दिसतो. पण ओलाव्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, सांध्याशेजारी तडा पाडतो. म्हणून असे रॉड भट्टीत ३०० ते ३५० अंश सेल्सियसला तास-दोन तास भाजतात, मग शंभराच्या वर तापमानात राखून ठेवतात आणि वेल्डरला गरम डब्यातून थोडे थोडे देतात. 'डबा बंद पडला तर काय करायचे?' हा प्रश्न नक्की विचारा.

दुसरा प्रश्न क्रमाचा. वेल्ड गार होताना आखडतं. लांब सांधा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ मारत नेला तर प्लेट ओढली जाते, शेवटी गॅप बंद होतो किंवा उघडतो. म्हणून मधून सुरू करून दोन्ही बाजूंना जायचं, किंवा तुकड्यातुकड्याने मागे येत मारायचं. आणि दोन वेल्डर समोरासमोर एकाच वेगाने. हा जोडीदार कोण असायचा? दोघांचा वेग जुळायचा कसा? इथे माणसांची नावं, टोपणनावं, भांडणं सगळं बाहेर येतं, आणि ते तांत्रिक प्रश्नातून येतं म्हणून खरं असतं.

तिसरा प्रश्न पातळ पत्र्याचा. व्यापारी जहाजापेक्षा युद्धनौकेचं पोलाद बरंच पातळ, कारण वजन वाचवायचं असतं. वरच्या बांधकामात पाच-सहा मिलिमीटरचा पत्राही येतो. मागच्या बाजूला पट्ट्या वेल्ड केल्या की प्रत्येक दोन पट्ट्यांमधला पत्रा पोटात जातो, आणि उन्हं तिरपी झाली की जहाजाच्या बाजूला बरगड्या दिसू लागतात. ते सरळ करायला नाण्याएवढे ठिपके तापवून गार करायचे. एक ठिपका जास्त पडला तर फुगा शेजारच्या खणात सरकतो आणि मग दिवसभर त्याच्या मागे फिरायचं. 'किती वाक चालायचा, आणि तो कोण मोजायचं?' असं विचारा. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन येणाऱ्या इन्स्पेक्टरचं वर्णन प्रत्येक वेल्डरकडे असतं. ते ऐकण्यासारखंही असतं.

चौथा, तपासणीचा. महत्त्वाच्या सांध्यांचे गॅमा किरणांनी फोटो काढतात. ते काम बहुधा रात्री, कारण आजूबाजूची जागा रिकामी करावी लागते. फिल्ममध्ये डाग निघाला की सांधा खोदून पुन्हा मारायचा. सकाळी फळ्यावर कोणाचा नंबर लागला हे कसं कळायचं, दुरुस्ती पगारात धरायचे का, एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही.

शब्द अडत असतील तर मकरपुरा जीआयडीसीमधल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपची परवानगी काढा आणि आबांना तिथे तासभर खुर्ची टाकून बसवा. दुसऱ्याचं वेल्डिंग पाहताना ते आपोआप चुका काढतात. काळी काच सोबत न्या. 'मला सवय आहे' म्हणून ते उघड्या डोळ्यांनी बघतील.

स्लिपवेपासून समुद्रापर्यंत

स्लिपवेवर (पाण्याकडे उतरत्या बांधणीच्या जागेवर) फ्रेम उभ्या करणाऱ्यांना उन्हाबद्दल विचारा. पोलाद एका अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही; पण शंभर मीटर डेक तळापेक्षा दहा अंशांनी जास्त तापलं तर ते बारा मिलिमीटर लांबू पाहतं आणि अख्खं जहाज किंचित वाकतं. म्हणून सरळ रेषेची मापं पहाटे, सूर्य वर येण्याआधी घेतात. 'माप घ्यायला किती वाजता यायचात?' या साध्या प्रश्नावरून समोरचा माणूस खरोखर त्या कामावर होता की नाही तेही कळतं. ओळंबा, पाणसळ, गुण्या ही हत्यारं घरात असतील तर समोर ठेवा. हातात आलं की आठवतं.

परांची, रंग, हवेची चाचणी हे थोडक्यात. फक्त हवेच्या चाचणीत विचारा : कप्प्यात थोडी दाबाची हवा भरायची, सांध्यावर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडा आला की गळती. साबण कोणता? उत्तर हसवतं.

पाण्यात उतरवण्याचा दिवस सगळ्यांनाच आठवतो, पण समारंभाचा. तुम्ही आदल्या रात्रीचं विचारा. बांधणीभर जहाजाचं वजन खालच्या ठोकळ्यांवर असतं. उतरवण्याआधी ते घसरत्या लाकडी पाळण्यावर आणावं लागतं : चरबी आणि साबणाचा थर दिलेला घसरमार्ग, त्यावर पाळणा, आणि दोन्हींकडून रांगेने पाचरी ठोकायच्या, एका आरोळीवर, सगळ्यांनी एकदम. एकेका बाजूला किती माणसं, आरोळी कोण द्यायचं, चरबी उन्हात पातळ झाली तर काय? मग ठोकळे काढायचे. शेवटचे काही ठोकळे काढणाऱ्यांच्या डोक्यावर अख्खं जहाज असतं; ते कोण करायचं हे विचारताना आवाज खाली ठेवा.

जहाज घसरताना आधी मागचं टोक तरंगतं आणि सगळा भार पुढच्या टोकाशी पाळण्यावर येतो. पाणी कमी असेल तर उलट मागचं टोक खाली झुकण्याची भीती. म्हणून दिवस उधाणाच्या भरतीचा धरतात, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा. आठवण पडताळायला ही फार कामाची गोष्ट आहे. कोणी म्हणालं, 'नीलगिरी दिवाळीत उतरली', तर पंचांग काढा : १९६८ ची लक्ष्मीपूजनाची अमावास्या २१ ऑक्टोबरला होती, जहाज उतरलं २३ ला. आठवण बरोबर. आणि तिथी अष्टमीच्या आसपास निघाली तर बहुधा दिवस दुसरा किंवा जहाज दुसरं.

पाण्यात उतरल्यावर फिटरचं राज्य. शाफ्टची (इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतच्या दांड्याची) अंतिम जुळणी जहाज तरंगत असतानाच, कारण ठोकळ्यांवरचा आकार आणि पाण्यावरचा आकार यांत फरक पडतो. कपलिंगच्या, म्हणजे दांड्याच्या जोडाच्या, दोन तोंडांमधली फट चार ठिकाणी मोजायची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. वायरमनला विचारा, जाड केबल ओढायला किती माणसं रांगेत लागायची आणि भिंतीतून केबल गेली की पाणी अडवायला ग्लँड कसा भरायचा. पाइप फिटरला विचारा, पाइप वाकवण्याआधी तारेचा साचा कसा काढायचे. आणि साच्याप्रमाणे बनवून आणलेला पाइप दारातून आतच गेला नाही असं कधी झालं का? झालेलं असतंच.

कललेपणाच्या चाचणीबद्दल फार थोडे लोक सांगू शकतात. ठरावीक वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची आणि आत टांगलेला लांब ओळंबा किती सरकला ते मोजायचं. ओळंब्याचा गोळा तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत, म्हणजे तो डुलत राहत नाही. दोर ढिले, वारा पडलेला, जहाजावर मोजकी माणसं. आबा त्या मोजक्यांत असतील तर ही बैठक वेगळी करा.

मग धक्क्याला बांधूनच इंजिनाची चाचणी, आणि शेवटी समुद्रात. गोदीतले कोण सोबत जायचे, आणि कोणाला बोट लागायची, एवढं पुरे.

काय विचारायचं नाही

गोपनीयतेचा कायदा १९२३ चा आहे आणि तो निवृत्तीनंतर संपत नाही. शस्त्रं, दारूगोळ्याच्या कोठारांची जागा, रडार-सोनार, आवाज कमी करण्याचे उपाय, केबलचे मार्ग, भिंतींची जाडी, आजही सेवेत असलेल्या जहाजाच्या आतली रचना : हे विषय सोडून द्या. आबा स्वतःच थांबले तर 'आता काय त्याचं' म्हणून खोदू नका. पिशवीत आराखडा निघाला तर त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. या लेखातली हातकामं मात्र जगातल्या कुठल्याही गोदीत तशीच चालतात. त्यांवर बोलायला अडचण नाही.

अपघातांबद्दल विचारावं, पण गेलेल्या माणसाचं नाव घरच्या प्रतीत ठेवा, बाहेर देताना काढा.

एक गोष्ट आठवणींपलीकडची. लिअँडर वर्गाची जहाजं वाफेवर चालायची, आणि त्या काळात वाफेच्या पाइपांवरच्या लेपात जगभर अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे फुफ्फुसाचे आजार वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी दिसतात, आणि तो लेप लावणाऱ्याइतकाच शेजारी काम करणाऱ्यालाही धोका असतो. 'पांढरा भुगा उडायचा' असं आबा सहज बोलून गेले आणि त्यांना धाप किंवा जुना खोकला असेल, तर हे वाक्य छातीच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. वडोदऱ्यात डॉक्टर सिगरेट आणि धूळ विचारतील. जहाज कोणाच्या डोक्यात येणार?

आवाज नीट येण्यासाठी

गोदीच्या ठोकाठोकीत आयुष्य गेलेल्या माणसाला बहुधा कमी ऐकू येतं, त्यातही बारीक आवाज. उजवा-डावा कोणता कान बरा ते विचारून त्या बाजूला, समोर तोंड दिसेल असं बसा. ओरडू नका, सावकाश बोला. श्रवणयंत्र शिट्टी मारत असेल तर आधी ते नीट बसवा, नाहीतर शिट्टी सगळ्या फाइलभर राहते.

फोन एअरप्लेन मोडवर, कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनलला तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. जागा आधी रिकामी करा. खोली गाद्या, पडदे, कपाटं असलेली निवडा; वाड्यातला उंच दिवाणखाना घुमतो. पंखा बंदच हवा, त्याची घरघर नंतर निघत नाही. म्हणून सकाळची वेळ आणि पंचेचाळीस मिनिटांची मर्यादा, मग पंखा, चहा. कुकर, दूधवाला, शेजारची बेल यांचा वेळ बघून ठेवा. उत्तरायणाचे दोन दिवस आणि नवरात्रात दुपारनंतर बेत करूच नका, स्पीकरपुढे कुठलाच माइक टिकत नाही.

खोलीत एकच विचारणारा. आजी शेजारी असतील तर त्या वाक्यं पूर्ण करतात, आणि चूक काढली की आबा गप्प होतात. आजींची बैठक स्वतंत्र घ्या : पाळी बदलली की डबा कधी, कपड्यांना जळाल्याची भोकं किती, ओव्हरटाइमचे पैसे कशाला गेले. जहाजाच्या तारखा कधी कधी तिथूनच पक्क्या होतात.

उतरवणं आणि वाचून दाखवणं

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास धरा. दर पाच मिनिटांना वेळ लिहा. आबा मालवणी, मुंबईची हिंदी आणि गोदीतली इंग्रजी एकत्र बोलतात. ते सुधारून शुद्ध करू नका. देवनागरीपेक्षा गुजराती लिपी हाताला जास्त बसलेली नातवंडं इथे पुष्कळ आहेत. त्यांनी पहिला खर्डा गुजराती लिपीत काढला तरी चालेल, फक्त शब्द बदलायचा नाही. न कळलेला शब्द जसा ऐकू आला तसा लिहून प्रश्नचिन्ह.

फाइलच्या नावात तारीख, बैठक क्रमांक आणि विषय असू द्या. तीन प्रती : घरात एक, दुसऱ्या घरी एक, एक ऑनलाइन. एका साध्या कागदावर आबांची सही घ्या : कोण ऐकू शकतं, बाहेर द्यायचं का, त्यांच्या पश्चात कोणी ठरवायचं.

मग छापील खर्डा मोठ्या अक्षरात काढून आबांना वाचून दाखवा, त्यांच्या हातात लाल पेन देऊन. इथे दोन प्रकारच्या दुरुस्त्या येतात. 'दीड नव्हे, एक सूत' ही घ्यायची. 'हे मुकादमाबद्दलचं काढून टाक' हीसुद्धा बाहेरच्या प्रतीतून घ्यायची, पण मूळ आवाजाची फाइल कापायची नाही. वाचताना नवीन काही आठवलं तर त्यासाठी रेकॉर्डर आधीच चालू ठेवा. बहुतेक वेळा आठवतंच, आणि पहिल्या बैठकीपेक्षा या वेळचं सांगणं जास्त नेमकं असतं.